सेमिनोल दरीच्या काठावर दोन रात्री

"आई, या सुट्टीत आपण दोन रात्री तंबूत राहायला जायचं," असे मुलाने सांगितले तेव्हा मला हसू आले. माझे बालपण नागपूरच्या एका वस्तीत गेले. उन्हाळ्यात अंगणात आणि पावसाळ्यात गळक्या छपराखाली आम्ही भावंडे जमिनीवरच झोपलो. पक्के घर व्हावे, घरातल्या प्रत्येकाला खाट मिळावी, म्हणून याच्या वडिलांनी आणि मी जन्मभर नोकरी केली. आणि आता हा शिकून इंजिनियर झालेला मुलगा पैसे भरून, महिनाभर आधी नंबर लावून आम्हाला जमिनीवर झोपवायला निघाला होता! सूनबाई म्हणाली, "आई, खाली हवेची गादी असते, पाठ दुखायची नाही." नात तर आदल्या दिवसापासूनच बॅटरी हातात घेऊन घरभर फिरत होती. मग माझे काय चालणार?

मी सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत, टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरी गेले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस तिकडे थँक्सगिव्हिंगची चार दिवस सुट्टी असते. आपल्या वाचकांना माहिती असावी म्हणून सांगते, तिकडे नॅशनल पार्क ही केंद्र सरकारची उद्याने आणि स्टेट पार्क ही राज्य सरकारची. नॅशनल पार्कांची नावे जगभर गाजतात. स्टेट पार्कमध्ये बहुधा आसपासच्या गावांतील लोक, शाळांच्या सहली आणि लेकुरवाळी कुटुंबे दिसतात. दरवाजावर माणशी थोडे शुल्क आणि तंबूच्या जागेचे वेगळे भाडे द्यावे लागते. आम्ही ज्या उद्यानात गेलो त्याचे नाव सेमिनोल कॅनियन. मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रँडे नदीच्या काठी असलेले हे उद्यान १९८० साली लोकांसाठी खुले झाले. क्षेत्र सुमारे २,१७२ एकर. तेथील दरीच्या कपारीत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली चित्रे आहेत. निसर्ग आणि कला एकाच ठिकाणी पाहायला मिळते, म्हणून मुलाने हे ठिकाण निवडले होते.

सकाळी जेवणाचे डबे, पाण्याचे कॅन, पांघरुणे आणि तंबू गाडीत भरून आम्ही निघालो. सॅन अँटोनियोपासून पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर डेल रिओ हे सीमेवरचे गाव लागते. तेथून पुढे साधारण पासष्ट किलोमीटरवर उद्यान. नातीला शाळेतून सुट्टीत पाहिलेल्या जागेविषयी एक पान लिहून आणायला सांगितले होते. तिने गाडीतच वही उघडली आणि पहिले वाक्य लिहिले, "या दरीतली चित्रे सेमिनोल लोकांनी काढली." तिने ते मला मराठीत सांगितले. मलाही ते बरोबर वाटले. दरीला सेमिनोल म्हणतात, मग चित्रे दुसऱ्या कोणाची असणार?

डेल रिओ सोडल्यावर रस्ता एका मोठ्या जलाशयावरून जातो. याचे नाव अमिस्ताद. स्पॅनिश भाषेत अमिस्ताद म्हणजे मैत्री. अमेरिका व मेक्सिको या दोन देशांनी मिळून रिओ ग्रँडेवर धरण बांधले, ते १९६९ साली पुरे झाले. पाण्याच्या पलीकडे मात्र सगळा कोरडा मुलूख. दूरवर सपाट, राखाडी माळ आणि काटेरी झुडपे. त्यात मेस्किट नावाचे झाड पाहून मी म्हणाले, "अरे, ही तर आपली वेडी बाभूळ!" मुलाने सांगितले की दोन्ही एकाच कुळातल्या, आपल्याकडची वेडी बाभूळ अमेरिका खंडातूनच आली. इतक्या दूर येऊन ओळखीचे झाड भेटले याचे मला बरे वाटले. परंतु दरी कोठेच दिसेना. जमीन सपाटच्या सपाट. उद्यानाच्या माहिती केंद्रापाशी गाडी थांबली, आम्ही थोडे चालून गेलो आणि एकाएकी पायांपुढे जमीन संपली. खाली चुनखडीच्या दगडातून पाण्याने हजारो वर्षे कापलेली खोल दरी होती. मी नातीचा हात घट्ट धरला.

तंबूची जागा वरच्या माळावर होती. सावलीला मोठे झाड नाही, चहूकडे उघडे आभाळ आणि जोराचा वारा. प्रत्येक कुटुंबाला आखून दिलेली जागा, बसायला टेबल-बाक, जवळच नळ आणि थोड्या अंतरावर स्वच्छ स्नानगृहे. मुलाने तंबू उभारायला घेतला, पण जमीन दगडासारखी कठीण. खुंट्या आत जाईनात आणि वारा तंबूचे कापड पतंगासारखे उडवू लागला. शेजारच्या जागेवर एक वृद्ध जोडपे आपल्या मोटारघरात उतरले होते. त्या आजोबांनी न बोलावता येऊन जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडा दिला. त्यांच्या पत्नीने तंबूचा कोपरा धरला, मी दुसरा धरला. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण वाऱ्यात कापड धरून उभे राहायला भाषा लागत नाही. तंबू उभा राहिल्यावर आम्ही त्यांना बेसनाच्या दोन वड्या दिल्या. त्यांना त्या फार आवडल्या.

संध्याकाळ होण्यापूर्वी आम्ही माहिती केंद्रातील छोटे संग्रहालय पाहून आलो. या भागातल्या कोरड्या कपारींत ओल नसल्यामुळे, एरवी कुजून जाणाऱ्या वस्तूही हजारो वर्षे टिकल्या. पानांच्या तंतूंच्या चपला, विणलेल्या चटया, टोपल्या, दोऱ्या. चटईची वीण पाहत मी बराच वेळ उभी राहिले. माझी आई शिंदीच्या पानांची चटई विणत असे. ती एक पान वर आणि एक पान खाली घेताना जशी बोटे फिरवी, तशीच कोणाची तरी बोटे येथे फिरली होती. ते लोक शेती करीत नव्हते. हरीण, ससे, मासे आणि रानातील कंद-फळांवर जगत. सोटोल आणि लेचुगिया या काटेरी झाडांचे गड्डे ते जमिनीत खड्डा करून, तापवलेल्या दगडांवर झाकून दीड-दोन दिवस भाजत, तेव्हा कोठे ते खाण्याजोगे होत. म्हणजे एका जेवणासाठी दोन दिवसांची चूल!

नातीने तेथील बाईंना आपले वाक्य वाचून दाखवले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "सेमिनोल लोक या भागात आले ते एकोणिसाव्या शतकात. चित्रे त्यांच्याही हजारो वर्षे आधीची आहेत. ती काढणारे लोक स्वतःला काय म्हणवून घेत, ते कोणालाच ठाऊक नाही." नातीने वहीतले वाक्य खोडले. "मग दरीला सेमिनोल का म्हणतात?" असे तिने विचारले. बाईंनी एक पुस्तिका हातात दिली आणि सांगितले, "ते यात वाच. शोधून काढ."

रात्री गॅसच्या छोट्या शेगडीवर खिचडी केली. सोबत घरचा ठेचा आणि भाजलेला पापड होता. जेवणानंतर उरलेले सर्व अन्न गाडीत बंद करून ठेवावे लागते, नाहीतर रानातील जनावरे वास काढीत येतात. दिवे मालवले आणि मी वर पाहिले. इतके तारे मी लहानपणी अंगणात झोपायची तेव्हाच पाहिले होते, नंतर कधी नाही. पूर्वेकडून मृग नक्षत्र वर येत होते, त्याच्या वर रोहिणी आणि कृत्तिकांचा झुबका. नातीला मी मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला. ती म्हणाली, "आजी, आमच्या पुस्तकात तो शिकाऱ्याचा पट्टा आहे." एकच तारे, पण पाहणाऱ्यांच्या गोष्टी वेगळ्या. थंडी चांगलीच होती. दोन पांघरुणे घेऊनही पाय गार पडले. पण सकाळी उठले तेव्हा पाठ दुखत नव्हती, हे सूनबाईला कबूल करावे लागले.

सकाळी चहा घेताना एक लांब शेपटीचा तुरेवाला पक्षी टेबलाजवळून पळत गेला. त्याला रोडरनर म्हणतात. उडण्यापेक्षा धावण्यातच तो पटाईत. आपला भारद्वाज ज्या कोकिळेच्या कुळातला, त्याच कुळातला हा.

चित्रे पाहायला मनमानेल तसे जाता येत नाही. ठरलेल्या वेळी उद्यानाचा मार्गदर्शक सर्वांना बरोबर घेऊन जातो. दरीच्या काठावर एक उंच धातूचा पुतळा उभा आहे, सुमारे १७ फुटांचा. डोक्यावर शिंगांचा मुकुट आणि पंखांसारखे पसरलेले हात. बिल वॉरेल या टेक्सासच्या शिल्पकाराने दरीतील चित्रांवरून स्फूर्ती घेऊन तो घडवला. नाव आहे 'मेकर ऑफ पीस', म्हणजे शांती घडवणारा. वारा त्याच्या अंगावरून जात होता. तेथून दगडी पायऱ्या खाली उतरतात. माझा गुडघा कुरकुरत होता. मार्गदर्शकाने मला सर्वात पुढे घेतले आणि सगळा जथा माझ्या चालीने चालला. मला संकोच वाटला, पण कोणी नाराज दिसले नाही. तळाशी उतरून, पुन्हा चढून आम्ही फेट बेल शेल्टर या कपारीत पोहोचलो.

वर पुढे आलेले प्रचंड दगडी छत आणि त्याखाली शंभर मीटरहून लांब पसरलेली, उघडी, कोरडी जागा. मागच्या भिंतीवर चित्रे. पहिल्या नजरेला नुसते लाल डाग दिसतात. डोळे सरावल्यावर त्यांतून माणसे बाहेर येतात. माणसापेक्षा उंच, हात पसरलेली, कोणाच्या डोक्यावर शिंगे, कोणाला पंख. गेरूचा लाल, काळा, मधूनच पिवळा. अजिंठ्याची चित्रे आपण पाहिली आहेत. तेथे आधी भिंतीला गिलावा दिला, मग त्यावर चित्र काढले. येथे गिलावा नाही, उघड्या दगडावरच रंग. लोहाच्या मातीचा लाल आणि पिवळा, मँगनीजच्या दगडाचा काळा. तो रंग बांधायला हरणाच्या हाडांच्या नळीतील मगज आणि युक्का नावाच्या झाडाची, आपल्या रिठ्यासारखी फेस देणारी मुळी वापरली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे भुकेच्या दिवसांत जो मगज पोटात जायचा, तो या माणसांनी भिंतीला दिला. चित्र ही त्यांची करमणूक नसणार. त्यांना ते अन्नाइतकेच गरजेचे वाटत असणार.

मार्गदर्शकाने सांगितलेली एक गोष्ट मला फार विशेष वाटली. येथून जवळच पेकोस नदीकाठी 'व्हाइट शामन' नावाचे मोठे भित्तिचित्र आहे. कॅरोलिन बॉइड या चित्रकार असलेल्या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी त्यातील रंगांचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तेव्हा असे दिसले की आधी सगळा काळा, मग लाल, मग पिवळा आणि शेवटी पांढरा, अशा क्रमाने रंग दिलेला आहे. म्हणजे कोणी येता-जाता रेघोट्या मारल्या नाहीत. आधी पूर्ण चित्र मनात ठरवले, मगच हात लावला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ही चित्रशैली साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास सुरू झाली आणि हजारेक वर्षांपूर्वीपर्यंत चालू राहिली. इतक्या पिढ्यांनी ही रीत एकमेकांना शिकवली. एका अक्षराचीही लिपी हाती नसताना!

चित्रांपासून माझी नजर खाली गेली. कपारीत मोठमोठे दगड पडलेले आहेत, त्यांतले काही घासून घासून आरशासारखे गुळगुळीत झाले आहेत. खडकात उखळासारखे गोल खळगे आहेत. ते पाहून मला आमच्या घरचा पाटा आठवला, मध्ये खोलगट झालेला. येथे कोणीतरी रोज बसत होते, दळत होते, कुटत होते, कातडी घाशीत होते. चित्र कोणी काढले हे सांगता येत नाही, पण हा दगड कामाने झिजला हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी नातीला म्हणाले, "बाळ, हेही लिही वहीत."

ती तेव्हा भिंतीकडे पाहत होती आणि तिचा हात नकळत पुढे गेला. मार्गदर्शकाने हळूच, न रागावता सांगितले की हाताचे तेल रंगाला लागते, आणि प्रत्येकाने एकदा हात लावला तर काही वर्षांत भिंतीवर काहीच उरणार नाही. तिने हात मागे घेऊन खिशात घातला आणि निघेपर्यंत बाहेर काढला नाही. मी तिला अजिंठ्याची हकीकत सांगितली. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील चित्रावर त्याने स्वतःचे नाव व तारीख कोरून ठेवली. ज्यांनी चित्रे काढली त्यांनी नाव ठेवले नाही, आणि ज्याने ओरखडा काढला त्याचे नाव मात्र राहिले.

पण दुसऱ्या प्रकारची माणसेही असतात. १९३० च्या दशकात डॅलस शहरातील फॉरेस्ट कर्कलँड नावाचे चित्रकार आपली पत्नी लुला हिच्यासह सुट्ट्यांमध्ये मोटारीने या दऱ्या-खोऱ्यांत येत, मुक्काम करीत आणि कपारींतील चित्रांच्या जलरंगात हुबेहूब नकला उतरवून घेत. त्यांना हे काम कोणी नेमून दिले नव्हते. पुढे धरण झाले, तेव्हा नदीकाठच्या काही कपारी पाण्याखाली गेल्या. भिंत गेली तरी नक्कल राहावी, एवढे काम त्या नवरा-बायकोने करून ठेवले. २०२१ साली या साऱ्या दऱ्यांच्या मुलखाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

दुपारी मुलगा आणि नात काठावरच्या पायवाटेने तीन मैल चालत रिओ ग्रँडेपर्यंत गेले. मी आणि सूनबाई तंबूपाशी राहिलो. वाट संपते तेथे समोरच्या कड्यात पँथर केव्ह आहे. तेथे जायला नावेखेरीज मार्ग नाही. पण अलीकडून दुर्बिणीने पाहिले तर भिंतीवरचा नऊ फुटांहून लांब लाल चित्ता दिसतो. नात परत आली ती चित्त्यासारख्या उड्या मारीतच. "आजी, नदीच्या पलीकडे मेक्सिको आहे! इतक्या जवळ!"

त्या संध्याकाळी आम्ही गाडीने पेकोस नदीचा पूल पाहायला गेलो. उद्यानापासून तो काही मिनिटांवर आहे. १९५४ साली महापुराने जुना पूल वाहून नेला, म्हणून १९५७ साली नदीपासून २७३ फूट उंचीवर हा पूल बांधला. याच मुलखात, पेकोस नदीच्या मुखाजवळ, १८८३ च्या जानेवारीत पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रेल्वेमार्ग जोडले गेले. पश्चिमेकडून रूळ टाकीत आलेल्या मजुरांत हजारो चिनी होते. त्याच सुमारास, १८८२ साली, अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला. रूळ त्यांच्याकडून टाकून घेतले आणि दार त्यांनाच लावले.

दुसऱ्या रात्री बॅटरीच्या उजेडात नातीने ती पुस्तिका मोठ्याने वाचली, मुलगा मराठीत सांगत गेला. पुढेही मी त्याच्याकडून वाचून घेतले. ती हकीकत अशी.

फ्लोरिडात मळ्यांवरून पळून गेलेले काळे गुलाम सेमिनोल या आदिवासी लोकांच्या आश्रयाने राहिले. त्यांना काळे सेमिनोल म्हणतात. १८३५ ते १८४२ या काळात अमेरिकन सैन्याशी मोठी लढाई झाली, आणि पुढे त्यांना दूर पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात नेऊन बसवले. तेथेही गुलाम पकडणाऱ्यांची भीती सुटेना. तेव्हा जॉन हॉर्स या आपल्या पुढाऱ्याच्या मागून ते १८४९-५० साली टेक्सास ओलांडून, रिओ ग्रँडे पार करून मेक्सिकोत गेले. मेक्सिकोने १८२९ सालीच गुलामगिरी रद्द केली होती. नातीने दुपारी जो पलीकडचा काठ पाहिला होता, तो या लोकांना स्वातंत्र्याचा काठ होता.

अमेरिकेतही गुलामगिरी संपल्यावर, १८७० साली, अमेरिकन सैन्याने त्यांना परत बोलावले. या निर्जल मुलखात वाटा काढणारे, माग काढणारे वाटाडे सैन्याला हवे होते. कामाच्या बदल्यात जमीन मिळेल, असे त्यांना समजले होते. त्यांनी येथील कोमांची, अपाची अशा लोकांविरुद्ध सैन्याला साथ दिली. हेही लिहिले पाहिजे, कारण ज्यांच्याविरुद्ध ते लढले तेही आपल्या भूमीवरून हाकलले जाणारेच लोक होते. २५ एप्रिल १८७५ रोजी पेकोस नदीकाठी तीन वाटाड्यांनी आपल्या घोडा गमावलेल्या अधिकाऱ्याला गोळीबारातून उचलून बाहेर काढले. त्या तिघांना आणि आणखी एकाला अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मेडल ऑफ ऑनर, मिळाला. जमीन मात्र मिळाली नाही. आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या खात्याने त्यांना आपल्या यादीत मोजले नाही, आणि सैन्याने आपल्याकडे द्यायला जमीन नाही असे सांगितले. १९१४ साली ती तुकडीच बंद झाली, आणि फोर्ट क्लार्कच्या छावणीतील आपली घरेही त्या कुटुंबांना सोडावी लागली. त्या वाटाड्यांवरून या दरीचे नाव सेमिनोल.

वाचून झाल्यावर तंबूत कोणी बोलेना. माझ्या मनात आले ते आपल्या वाचकांच्याही मनात आल्यावाचून राहणार नाही. आपल्या वाडवडिलांनीही पलटणीत नोकऱ्या केल्या आणि १८९० नंतरच्या काळात त्यांना भरतीची दारे बंद झाली. लायक म्हणून घ्यायचे आणि गरज सरली की नालायक ठरवायचे, ही रीत कोणा एका देशाची नाही.

परतताना आम्ही वाट थोडी वाकडी केली. डेल रिओच्या पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटरवर ब्रॅकेटव्हिल हे छोटे गाव आहे. फोर्ट क्लार्क ते हेच. गावाबाहेर त्या वाटाड्यांची वेगळी स्मशानभूमी आहे. साधी जाळी, वाळलेले गवत, पांढरे दगड. अ‍ॅडम पेन, आयझॅक पेन, पॉम्पी फॅक्टर आणि जॉन वॉर्ड, हे चारही सन्मानित सैनिक येथे आहेत. वंशज आजही ही जागा सांभाळतात आणि दर वर्षी सप्टेंबरात येथे जमतात. नात एकेका दगडापाशी उभी राहून नाव मोठ्याने वाचत होती. चारही नावे तिने वहीत उतरवून घेतली.

आपल्यापैकी कोणाची मुले तिकडे असतील तर त्यांना एवढे सांगा. नोव्हेंबर ते मार्च जावे, उन्हाळा फार कडक असतो. तंबूची जागा आणि चित्रांची फेरी आधी ठरवून घ्यावी. बूट चांगले असावेत, पाणी भरपूर असावे, कठीण जमिनीत ठोकायला लोखंडी खुंट्या न्याव्यात. गुडघे दुखत असले तरी हळूहळू उतरता येते, मी उतरले. आणि परतीच्या वाटेवर ब्रॅकेटव्हिलला अर्धा तास थांबावे. बहुतेक लोक चित्रे पाहून सरळ निघून जातात.

घरी पोहोचल्यावर नातीने पान नव्याने लिहिले आणि मला वाचून दाखवले. "या दरीतली चित्रे कोणी काढली त्यांची नावे कोणालाच माहीत नाहीत. पण ते रोज जिथे काम करायचे तो दगड अजून गुळगुळीत आहे. दरीचे नाव ज्यांच्यावरून पडले त्यांची नावे माहीत आहेत, ती खाली लिहिली आहेत." खाली चार नावे होती. वही मिटताना ती म्हणाली, "आजी, पाचवं तुझं लिहू का? तू पण खाली उतरलीस ना."

मी म्हणाले, "नको बाळ. आपण पाहून आलो, तेवढं पुरे."